एका शब्दावर आलेला माणूस

आमच्या ह्यांचा आवाज मी आधी ऐकला, चेहरा पुष्कळ नंतर पाहिला.

तेव्हा मी शिरपूर जैनच्या शाळेत नवीनच शिक्षिका म्हणून लागले होते. माहेर किन्हीराजाचं, तिथून रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून रिसोडला मावशीकडे राहायचे आणि सकाळच्या एसटीनं शाळेत जायचे. स्टँडवर उभं राहिलं की भोंग्यातून आवाज यायचा. भोंग्यावर बोलणारी माणसं बहुधा नाकात बोलतात, घाईत बोलतात, काय म्हणाले ते कळायच्या आत गाडी निघून जाते. हा आवाज तसा नव्हता. समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलावं तसा हा माणूस सगळ्या स्टँडशी बोलायचा. "शिरपूर, मालेगाव, मेडशी, पातूर मार्गे अकोल्याला जाणारी बस फलाटावर लागलेली आहे," असं रीतसर सांगून झालं की हळूच जोडून द्यायचा, "धावू नका, जागा आहे."

एकदा एक म्हातारी गर्दीत चुकली होती. आवाज आला, "पिवळ्या लुगड्यातली आजी चौकशीच्या खिडकीजवळ बसलेली आहे. तिनं चहा घेतलेला आहे. तिच्या माणसांनी घाबरू नये, सावकाश यावं." सगळा स्टँड हसला. मीही हसले. पण मनात आलं, ह्या माणसाच्या घरची माणसं सुखी असतील.

पुढं स्थळ आलं ते "मुलगा एसटीत कंट्रोलर आहे" म्हणून. गाड्या कधी आल्या, कधी सुटल्या ते पाहणारा आणि खिडकीत बसून पुकारणारा. पाहायच्या दिवशी पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली आणि ते "तुमी पन घ्या ना" एवढंच म्हणाले. मी मान वर करून पाहिलं. आवाज ओळखीचा होता, चेहरा अनोळखी. माझं हसू मावशीला आवडलं नाही, पण होकार त्याच क्षणी झाला होता.

संसार रिसोडलाच, साधा होता. एक लेक झाली. बाहेर दिवसभर बोलणारी माणसं घरी गप्प असतात म्हणतात, आमच्याकडे उलट होतं. मी भाकरी थापायची आणि हे उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचे. कोणती गाडी घाटात बंद पडली, कोण नवरी सासरी जाताना रडून रडून चुकीच्या गाडीत चढली, सगळं साग्रसंगीत सांगायचे. सुट्टीच्या दिवशी पेपर मोठ्यानं वाचायचे, कारण माझे हात कामात असायचे. लेक बारावीला गेली, तरी तिलाही पेपर बापाच्याच तोंडून ऐकायची सवय होती. भाजीचे भाव, अपघात, कुठं कोणाचा सत्कार, सगळं.

त्या वर्षी संक्रांतीच्या मागेपुढे गावभर खोकला होता. माझ्या वर्गात अर्धी पोरं नाक पुसत बसलेली. आमच्या घरात आधी लेकीला सर्दी झाली, मग मला ताप आला, मग ह्यांना. कोरोनाच्या काळात घाबरलो होतो तसं कोणी आता घाबरत नव्हतं. साधी सर्दी-ताप म्हणून आम्ही काढा घेतला, डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, पांघरून निजलो. लेक लवकर बरी झाली. मला जरा वेळ लागला. ह्यांचा ताप सगळ्यांत जास्त चढला, आवाज पार बसला. स्टँडवरचे लोक फोन करून विचारायचे, साहेब, भोंगा कधी सुरू होते? हे घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "गाड्या त चालू आहेत ना? मंग झालं."

ताप उतरला. हे ड्युटीवर रुजू झाले. आवाज अजून थोडा खरखरीत होता, पण भोंग्यातून तो पुन्हा ऐकला आणि गाडीत बसता बसता मला सुटल्यासारखं झालं. आजार संपला होता. आम्ही तो विसरूनही गेलो होतो.

पुढच्या एका रविवारी सकाळी हे अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी समोर मेथी निवडत होते. कुठल्याशा गावच्या पाणीपुरवठ्याची बातमी होती. वाचता वाचता एक शब्द चुकला. मग दुसरा. मग शब्दांसारखे वाटणारे पण शब्द नसलेले आवाज यायला लागले. चाल बातमी वाचायचीच, चढउतार तेच, पण आत अर्थ नव्हता. मला वाटलं, थट्टा करताहेत. असं ते कधी कधी करायचे, वाकड्या बातम्या वाचून लेकीला हसवायचे. लेक आतून हसतच बाहेर आली.

पेपर उजव्या बाजूनं खाली घसरला. हे त्याच्याकडे पाहत राहिले, आणि उचलायला हात जाईना. मी जवळ गेले. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. डोळ्यांत जे होतं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आपल्याला काय होतंय ते त्यांना कळत होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं.

समोरच्या घरात ह्यांचे मित्र राहतात. स्टँडच्या दाराशी त्यांचं फळांचं दुकान आहे. दोघांची मैत्री लग्नाच्याही आधीची. लेक पळत जाऊन त्यांना घेऊन आली. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "भाभी, मले हे बरं दिसून नाही राह्यलं. मी गाडी काढतो." गावातल्या डॉक्टरांनी दारातच पाहिलं आणि सरळ अकोल्याला न्यायला सांगितलं. आम्ही वेळ घालवला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मला पुष्कळांनी विचारलं, उशीर झाला होता का. नव्हता झाला. जे करायचं ते सगळं केलं होतं, तरी हे झालं.

पूर्ण रस्ताभर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मित्र गाडी चालवता चालवता त्यांच्याशी बोलत होते, जणू उत्तर येणारच आहे.

अकोल्याला मेंदूचा फोटो काढला, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत उजव्या पायात हालचाल आली. मी देवाला हात जोडले. बोलणंही असंच येईल म्हटलं, आज पाय, उद्या जीभ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बसवलं. बीपी होतं का, शुगर होती का, तंबाखू, बिडी? मी सगळ्याला नाही म्हटलं. ह्यांनी सुपारीसुद्धा कधी खाल्ली नाही. हृदयही तपासून झालं होतं, तिथं काही निघालं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत सर्दी, ताप, खोकला?

मी म्हटलं, "होता, पण तो गेला. साधाच होता."

ते म्हणाले, "बाई, ताप जातो, पण त्यानं अंगात जे पेटवलेलं असतं ते लगेच विझत नाही. विषाणू शिरतो फुफ्फुसात, पण त्याच्याशी झगडताना सगळ्या रक्ताला धग लागते. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. ते सुजतं, खरखरीत होतं. त्याच वेळी रक्तही लवकर गोठायला लागतं. कुठंतरी गुठळी धरते आणि मेंदूची वाट अडते. ताप उतरल्यावरही काही आठवडे हा धोका असतो. ह्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी अडली. बोलणं तिथंच असतं."

मी विचारलं, सर्दी-खोकल्यानं असं होतं तर सगळ्या गावाला का झालं नाही? आम्ही तिघं एकाच घरात आजारी होतो. ते म्हणाले, फार थोड्यांना होतं. ह्यांच्या बाबतीतही त्या तापामुळंच झालं हे शपथेवर सांगता येणार नाही, पण दुसरं काही कारण दिसत नाही.

"मग ह्यांनाच काहून?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, ह्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. आता वाटत नाही.

पहिला शब्द आला तो घरी यायच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, पाणी देऊ? हे म्हणाले, "हाव."

आमच्या भागात 'हो'ला हाव म्हणतात. तो शब्द ऐकून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन रडले. मग पळत परत आले आणि विचारलं, बरं वाटते? हाव. घरी जायचं? हाव. लेकीले बोलावू? हाव. असं मी कितीतरी वेळ विचारत राहिले. सुखानं वेडी झाले होते. मग नर्स सुई घेऊन आली आणि तिनं विचारलं, "काका, फार दुखते का?" हे म्हणाले, "हाव." आणि मान मात्र नाही म्हणून हलवली.

तेव्हा मला कळलं. तो होकार नव्हता. एवढा एकच शब्द शिल्लक राहिला होता, आणि सगळ्यासाठी तोच वापरावा लागत होता.

घरी आलो. उजवा हात कमजोर राहिला, पण पाय चालू लागले. आपण बोललेलं त्यांना बहुतेक सगळं कळायचं. वांगं केलं असेल तर ताट पाहून चेहरा पूर्वीसारखाच पडायचा. फक्त आतून बाहेर यायची वाट बंद होती. अकोल्याच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी घरी करायचं शिकवून दिलं. वाटी दाखवायची, "वाटी" म्हणायचं, ओठांकडे पाहायला लावायचं. मी पहिलीच्या पोरांना अशीच अक्षरं शिकवते. शाळेतून येऊन मी पुन्हा वाटी, चमचा, कंगवा घेऊन बसायची. हे ओठ जुळवायचे, कपाळाच्या शिरा ताणायच्या, घाम यायचा, आणि शेवटी निघायचं "हाव". कधी रागानं कंगवा भिरकावून द्यायचे. मग डाव्या हातानं माझं मनगट धरून बसायचे.

तपासणीसाठी आम्ही एसटीनं अकोल्याला जायचो. एकदा गाडी रिसोडच्या स्टँडातून बाहेर पडली आणि हे माझ्या शेजारी एकाएकी म्हणाले, "शिरपूर, मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला." स्वच्छ. जुन्या आवाजात. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळली. मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "अवो, मी कोण? माहं नाव सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. त्यांना माझं नाव माहीत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. "हाव," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. पातूरचा घाट उतरेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. रोज म्हणून म्हणून पाठ झालेलं, देवाचं नाव, आकडे, गाणं, हे असं आपोआप बाहेर येतं. हवा तो शब्द हवा तेव्हा शोधून काढणं वेगळं. मला ते समजलं. पण गावांची नावं आली आणि माझं आलं नाही, ह्याचं दुःख समजुतीनं जात नाही. अजून नाही गेलं.

उन्हाळ्यात हे रोज सकाळी मित्राच्या दुकानावर जाऊन बसू लागले. ते खुर्ची टाकून द्यायचे, पपई कापून हातात द्यायचे. येणारे-जाणारे नमस्कार करायचे. मला बरं वाटायचं. मग एक दिवस त्यांना पूर्वीपासून ओळखणाऱ्या एका बाईनं उभ्या गाडीकडे बोट दाखवून विचारलं, साहेब, ही वाशिमले जाते ना? हे म्हणाले, हाव. मान हलवत होते, हातानं नाही नाही करत होते, पण तिनं शब्द ऐकला आणि चढली. गाडी मेहकरची होती. बाईबरोबर आजारी लेकरू होतं. दुपारी ती परत आली आणि दुकानापुढं उभी राहून वाटेल ते बोलली. मित्रानं तिला समजावून सांगितलं, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, ह्यांच्या पाया पडली. तिचा काही दोष नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून हे स्टँडवर गेले नाहीत. मित्रानं किती वेळा येऊन बोलावलं. चपला समोर ठेवल्या तरी पाय घातले नाहीत.

ह्या सगळ्यात मी लेकीकडे पाहिलं नव्हतं. ती बापाजवळ यायची नाही, हे मला दिसत होतं. पाणी द्यायची ते लांबूनच, पेला ठेवून मागे सरकायची. मला वाटलं, वय तसं आहे, तिला बापाला असं पाहवत नसेल. बारावीची परीक्षा तिनं कशीबशी दिली. मग पावसाळ्यात एकदा तिला शिंका यायला लागल्या, तर ती अंथरूण घेऊन मागच्या पडवीत गेली. खिडकीतून पाणी आत येत होतं, तरी तिथंच ओलीत निजून राहिली. मी बोलवायला गेले. ती येईना. मी ओढू लागले तशी म्हणाली, "आई, मले घरात नको घेऊ. तवाही मीच आनली होती सर्दी. क्लासमधून मीच आनली. बाबाले माह्यापासूनच लागली."

इतके महिने हे ओझं ती एकटी वागवत होती. मी तिला पोटाशी धरलं. म्हटलं, गावभर खोकला होता, माझ्या वर्गात होता, तुझा बाप तर दिवसभर शेकडो लोकांत बसायचा. कुठून आलं ते देवालाही सांगता येणार नाही. ती ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं.

मागे पाहिलं तर हे पडवीच्या दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

लेक भिंतीला टेकली. बापाकडे पाहून तिनं विचारलं, आणि मला अजूनही वाटतं की तिनं ते विचारायला नको होतं. "बाबा, माह्यानंच झालं ना?"

मला कळलं काय होणार आहे. मी काही बोलायच्या आत त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला.

"हाव."

त्यांनी स्वतःच तो ऐकला. चेहरा असा झाला, जणू कोणी सुरी फिरवली. ते जोरजोरात मान हलवू लागले, नाही, नाही, आणि तोंडातून प्रत्येक वेळी हाव, हाव, हाव. डाव्या हातानं त्यांनी आपल्याच तोंडावर मारलं. मी हात धरला तर माझा हात झटकला. मग भिंतीचा आधार घेत ते खाली बसले, ओल्या अंथरुणावर, आणि लेकीला ओढून तिचं डोकं आपल्या छातीशी घेतलं. ती शिंकत होती, तोंड दूर करत होती. ते सोडत नव्हते. तिच्या केसांवर तोंड ठेवून ते ओठ घट्ट मिटून बसले, म्हणजे तो शब्द पुन्हा बाहेर पडू नये.

पुढच्या वेळी मी लेकीला अकोल्याला सोबत नेलं. डॉक्टर तिच्याशी चांगलं बोलले. ती मान डोलावत राहिली. मला मात्र तिची मान वाचता येते. त्या दिवशी बापाच्या मानेवर विश्वास ठेवावा की शब्दावर, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं, आणि तिनं काय ठरवलं ते तिनं मला सांगितलं नाही.

आता ती अकोल्यालाच कॉलेजात आहे. ह्यांना काही शब्द आले आहेत. पाणी, चाल, थांब. एकदा मांजराला हाकलताना "जाय" म्हणाले. नावं नाहीत. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. फ्लूची लस डॉक्टर दरवर्षी घ्यायला सांगतात, आम्ही दोघं घेतो. दुखणं आलं की लोक म्हणतात साधी सर्दी आहे. मीही मान डोलावते. त्यांचं खरंच असतं, बहुतेकांची साधीच असते.

गेल्या हिवाळ्यात लेक सुट्टीला आली. मी सकाळपासून पुरणाच्या तयारीत होते. रिसोडला उतरून तिनं फोन केला, आई, गाडीत नाक गळायला लागलं, मी घरी येत नाही, समोरच्या काकांकडे थांबते. मी रागावले, समजावलं, म्हटलं लस घेतली आहे आम्ही. ती ऐकेना. समोरच्या घराच्या ओट्यावर ती तोंडाला मास्क लावून बसली. हे फाटकाशी उभे. मधे एवढासा रस्ता, त्यावरून एक बैलगाडी गेली, मग शाळेची पोरं. काकांच्या घरच्यांनी तिला आत नेऊन ऊन ऊन काही खायला दिलं, तेवढा वेळ हे उन्हातच थांबले, मी खुर्ची आणली तरी बसले नाहीत.

मी पुरणपोळ्या आणि तूप डब्यात भरलं आणि समोरच्या ओट्यावर तिच्यापुढं नेऊन ठेवलं. जवळ बसू दिलं नाही तिनं. मी विचारलं, रात्री नीट झोपतेस ना तिकडं? झोपते म्हणाली. दुपारच्या गाडीनं ती परत गेली. मी आत येऊन उरलेलं पुरण झाकून ठेवलं. हे बराच वेळ फाटकाशीच होते.